रेंज नाही तिथला हिशेब

मंडळाच्या वर्गणीसाठी ॲप करायचं भाचीनं मनावर घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं की वाद झालाच तर रंगावरून होईल, भगवा की केशरी. वाद झाला तो नोंद ठेवायची कुठं यावरून, आणि तो तीन रविवार पुरला.

मंडळ खडकी बाजारातलं, लहानसं. वर्गणीला फिरणारे तेरा जण. बाजारात रस्त्यावर रेंज ठीक असते. दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा जुन्या घराच्या जिन्याखाली गेलं की गुडूप. आणि वर्गणी नेमकी तिथंच मिळते, कारण शेठ गल्ल्यावर क्वचित सापडतात, मागं माल मोजत असतात. भाची हिंजवडीला वेबची कामं करते. मी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो, ज्याला आमच्या वेळी ईडीपी म्हणत आणि ज्याच्या खोलीत एसी यंत्रासाठी असायचा, माणसांसाठी नव्हे.

"मामा, प्ले स्टोअर वगैरे नको. लिंक पाठवायची, ब्राउझरमध्ये उघडायची, होम स्क्रीनवर टाकायची. नेट असो वा नसो, पावती फाटली पाहिजे."

"नेट नसताना पान उघडणार कसं?"

"सर्व्हिस वर्कर असतो. पानाचा सांगाडा एकदा फोनवर उतरला की पुढं तोच काढून देतो. तो भाग सोपा आहे. घोडं अडतं डेटाबेसपाशी."

मी आपला भाबडेपणानं म्हणालो की ब्राउझरमध्ये लोकलस्टोरेज म्हणून काहीतरी असतं, त्यात टाक. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी रोखपालाला पैसे उशीखाली ठेवायला सांगितले होते. साधारण पाच एमबीची जागा, त्यात नुसती अक्षरंच ठेवता येतात, लिहिणं चालू असताना पान तेवढा वेळ थांबतं, आणि सर्व्हिस वर्करला तर तिथं हातच लावता येत नाही. रंग कोणता निवडला एवढं लक्षात ठेवायला बरं, पैशाला नाही.

"मग सरळ एसक्यूएल दे की. पन्नास वर्षं चाललंय."

"होतं. वेब एसक्यूएल म्हणून होतं. २०१० मध्ये मानक करणाऱ्यांनी हात वर केले."

कारण ऐकून मी मनापासून हसलो. वेबचं मानक व्हायचं तर ती गोष्ट निदान दोघांनी स्वतंत्रपणे बनवून दाखवावी लागते. इथं ज्यांनी ज्यांनी ती बनवली, त्यांनी आत एसक्यूलाइटच बसवलं होतं. सगळ्या घरी एकच आचारी, मग चवीची तुलना कुणाशी करणार? म्हणून ते मागं पडलं, २०२३-२४ मध्ये क्रोमनंही काढून टाकलं. त्याच्या जागी इंडेक्स्डडीबी आलं. २०१५ मध्ये त्याची शिफारस पक्की झाली आणि आज ते सगळ्या ब्राउझरांत आहे. गंमत अशी की फायरफॉक्स आणि सफारी यांच्या इंडेक्स्डडीबीच्या पोटात अजूनही एसक्यूलाइटच बसलंय. क्रोमनं तेवढं लेव्हलडीबी वापरलं. आचारी तोच, फक्त मुदपाकखान्याला दार लावलं.

इंडेक्स्डडीबी थेट वापरणं म्हणजे शिक्षाच, असं भाची म्हणते. म्हणून त्यावर डेक्सीसारखी एखादी लायब्ररी चढवतात. मला मात्र त्यातली एक खोड आवडली. व्यवहार उघडला, एक नोंद लिहिली आणि मध्येच सर्व्हरकडून काहीतरी मागवायला गेलात, तर परत येईपर्यंत व्यवहार आपोआप बंद झालेला असतो. नवशिके यावर वैतागतात. मी म्हणालो, बरोबर आहे. लेजर उघडं टाकून चहाला जायचं नसतं.

पण हे सगळं फोनच्या आतलं. खरी ठिणगी पडली ती फोनाबाहेर.

"मी पाउचडीबी घेणार आहे," ती म्हणाली. "फोनात पाउच, सर्व्हरवर काउच. दोघं एकमेकांशी आपसूक ताळमेळ ठेवतात. रेंज आली की इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. मला त्यासाठी एक ओळ लिहावी लागते."

"आणि खरी वही कुठली?"

"प्रत्येक. हाच तर मुद्दा आहे, मामा. प्रत्येक फोन पुरती वही. सर्व्हर म्हणजे अजून एक फोन, फक्त जरा मोठा आणि कायम जागा."

मला ते पटेना. पटलं नसतंच, कारण माझी अर्धी नोकरी या वाक्याची किंमत मोजण्यात गेली. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. ती एकमेकांना जोडलेली नव्हती. प्रत्येक शाखा म्हणजे रेंज नसलेला फोनच. या शाखेनं त्या शाखेच्या नावे पैसे टाकले की सूचनापत्र टपालानं जायचं, तिकडच्या शाखेनं त्याला उत्तरादाखल नोंद करायची. पत्र हरवलं तर इकडची नोंद लोंबकळत राही. पत्र दोनदा पोचलं तर तिकडं दुबार नोंद. आंतरशाखा ताळमेळ नावाचा एक स्वतंत्र विभागच असे, आणि तिथं बदली होणं म्हणजे काय, हे ज्याची झाली त्यालाच ठाऊक. वर्षानुवर्षं न जुळलेल्या नोंदींचे गठ्ठे मी डोळ्यांनी पाहिलेत.

"म्हणून माझं म्हणणं," मी तिला सांगितलं, "वही एकच, सर्व्हरवर, साध्या पोस्टग्रेसमध्ये. फोन म्हणजे टपालपेटी. पत्र टाकायचं, पोचल्याची पोच आली की पेटीतून काढायचं. पेटीनं स्वतःला हेड ऑफिस समजू नये."

"आणि पेटीतून मागचं वाचायचं असेल तर? शेठ म्हणाले की गेल्या वर्षी किती दिले होते, तर मी काय सांगू, थांबा, रस्त्यावर जाऊन येते?"

हा टोला बरोबर बसला. वर्गणीत गेल्या वर्षीचा आकडा हेच तर हत्यार असतं. तो फोनात पाहिजेच. मी माघार घेतली, पण अर्धीच: गेल्या वर्षीचा आकडा फोनात असू दे, वाचण्यापुरता.

दुसऱ्या रविवारी मी अभ्यास करून बसलो होतो. काउचडीबी डेमियन कॅट्झ या माणसानं २००५ मध्ये सुरू केलं. तो आधी लोटस नोट्सवर काम करायचा, म्हणजे तारा जोडलेल्या नसताना वह्या जुळवायच्या कशा, हा त्याचा जुनाच धंदा. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. मग मी भाचीला विचारलं, "दोन फोनांनी रेंज नसताना एकच नोंद वेगवेगळी बदलली, तर?"

"काउच दोन्ही ठेवतं. त्यातली एक जिंकलेली म्हणून दाखवतं."

"कुठली?"

"जिच्यामागं बदलांची साखळी लांब असेल ती. साखळ्या सारख्या असतील तर खुणेच्या क्रमानं. अट एवढीच की प्रत्येक यंत्रानं एकमेकांना न विचारता तोच निकाल द्यावा."

"म्हणजे जी नोंद जास्त वेळा खोडली ती खरी? हे तर आमच्या सोसायटीच्या सभेसारखं झालं. जो जास्त वेळा बोलेल त्याचा ठराव पास."

"अरे, हरलेली फेकून देत नाही ना! ती तिथंच असते. ॲप लिहिणाऱ्यानं ती काढून माणसापुढं ठेवायची."

"ठेवतात का?"

ती गप्प बसली. प्रामाणिक मुलगी आहे.

"मग शेवटची नोंद खरी, असं धर," तिनंच पुढं केलं. "बऱ्याच ठिकाणी हेच चालतं."

"शेवटची कुणाच्या घड्याळानं?"

फोनांची घड्याळं आपसूक लागतात हे खरं, पण आमच्यात एक कार्यकर्ता आहे जो एका खेळात आयुष्यं लवकर मिळावीत म्हणून फोनची तारीख पुढं ढकलतो. त्याची पावती कायम शेवटची ठरणार. लेस्ली लॅम्पोर्टनं १९७८ मध्ये लिहिलेला निबंध याच दुखण्यावरचा: वेगवेगळ्या यंत्रांवर काय आधी घडलं हे घड्याळावरून ठरवायला जाऊ नका, कुणाचा निरोप कुणाला मिळाल्यावर काय घडलं यावरून ठरवा.

आणि निरोपाचा विषय निघाल्यावर खडकीत बसून खडकीच्याच लढाईची गोष्ट आठवली नाही, तर मग काय उपयोग? ५ नोव्हेंबर १८१७. दुसरा बाजीराव पर्वतीवर, सेनापती बापू गोखले इकडं मैदानात. ग्रँट डफ त्या दिवशी स्वतः इंग्रजांच्या बाजूला हजर होता, आणि पुढं त्यानं मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय की ऐन वेळी बाजीरावाचा धीर सुटला आणि पहिली तोफ आपल्याकडून उडू नये, असा निरोप घेऊन त्यानं माणूस पाठवला. गोखल्यांनी निरोप्या येताना लांबूनच पाहिला, तो काय घेऊन येतोय हे ओळखलं, आणि तो पोचायच्या आत नऊ तोफांचा मारा सुरू करून टाकला.

"बघ," मी म्हणालो, "पर्वतीवरच्या वहीत 'थांबा' लिहिलंय, खडकीच्या वहीत 'सुरू'. दोन्ही खऱ्या, दोन्हीवर वेळ घातलेली. पर्वतीचा हुकूम आधी सुटला, तोफ नंतर उडाली, पण हुकूम पोचला म्हणजे वरातीमागून घोडं. आता सांग तुझं काउच, कोण जिंकलं?"

मला वाटलं, मी बाजी मारली. ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "मामा, तुझ्या पद्धतीनं गोखल्यांनी काय करायला हवं होतं? समोर फौज उभी, आणि हे पर्वतीला माणूस पाठवणार, 'मारू का?' म्हणून? तुझं 'वही एकच, सर्व्हरवर' ते हेच आहे. मैदानातल्या माणसाला मैदानात निर्णय घेता आला पाहिजे. पर्वतीला नंतर कळेल."

गोष्ट माझी, मुद्दा तिचा. असं झालं की भाचीचा अभिमान वाटतो आणि चहा कडू लागतो.

मार्ग सापडला तो मंडळाच्या कपाटात. गेल्या वर्षीची पावती पुस्तकं शोधायला तिनं कपाट उघडलं आणि एक पुस्तक चाळत बसली. शंभर पावत्यांचं. आधीच छापलेले क्रमांक, ४०१ ते ५००. मूळ पावती शेठना, स्थळप्रत पुस्तकात. चुकलेली पावती फाडून टाकलेली नाही. दोन्ही प्रती जागेवर, वर तिरकं 'रद्द', आणि पुढच्या क्रमांकावर नवी. धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क खाली परवानगी काढून वर्गणी गोळा करायची, म्हणजे हिशेब दाखवावा लागतोच. पुस्तकात मधलं पान गायब दिसलं की हिशेब तपासणारा दुसरा प्रश्न विचारत नाही.

"मामा, यात बदल कधीच होत नाही."

"कशात?"

"पावतीत. एकदा फाटली की फाटली. चुकली तर नवी नोंद, जुनीला 'रद्द'ची जोड. आणि क्रमांक ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यातले, म्हणून दोघांचा एकच क्रमांक येत नाही, कुणाला न विचारता. जिथं जुनी नोंद कुणी बदलतच नाही, तिथं भांडण कुणाचं कुणाशी होणार?"

मी चाळीस वर्षं हेच करत आलो आणि हे असं कधी म्हटलं नव्हतं. बँकेतही शिल्लक ही कुणी लिहायची गोष्ट नव्हेच. ती नोंदींची बेरीज असते. दोन फोनांनी 'एकूण जमा' हा एकच आकडा आपापला लिहिला तर एकाचा पुसला जाणारच. दोघांनी आपापल्या पावत्या लिहिल्या तर बेरीज कुठंही, कुठल्याही क्रमानं करा, तीच येते. २०११ मध्ये शपिरो, प्रेग्विसा, बाकेरो आणि झाविर्स्की यांनी सीआरडीटी नावानं जे मांडलं, त्यातला सर्वांत सोपा प्रकार हाच आहे. आमच्या मंडळाला तो कपाटात सापडला.

मग आम्ही डेटाबेसचं नाव बाजूला ठेवलं आणि कोणती नोंद कोण लिहितं ते कागदावर काढलं. पावत्या: ज्याच्या त्याच्या फोननं, एकदाच. गेल्या वर्षीचे आकडे: कुणीच नाही, फक्त वाचायचे. दुकानांची यादी: सगळेच. कुणी मालकाचा नंबर बदलणार, कुणी दुकान बंद झालं म्हणून खोडणार. तंटा उरला तो एवढ्या यादीपुरता. तिथं काउचसारखी दोन्ही रूपं जपून ठेवणारी व्यवस्था शोभते, पण दोनशे-अडीचशे दुकानांसाठी सगळं घर बदलायचं का? आम्ही ठरवलं, दुकानाची दुरुस्ती हीसुद्धा सूचना म्हणून जावी. दोन सूचना भिडल्या तर खजिनदार बघेल. त्याला बाजारातलं सगळं माहीत असतं, जे माहीत असायला नको तेसुद्धा.

नोंद कोण लिहितं, हाच प्रश्न मोठ्या कामांना लावून पाहिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी करायचे ती पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः आपल्या गटात उभं राहून, पिकाचा फोटो काढून करायची. ते मोबाईलचं ॲप, वेबचं नव्हे, पण दुखणं तेच: पीक शिवारात, रेंज गावात. फोटो तिथं काढून ठेवायचा, रेंजमध्ये आल्यावर वर पाठवायचा. त्या गटाची नोंद तो खातेदारच करणार, म्हणून इथं टपालपेटी पुरते. याउलट कम्युनिटी हेल्थ टूलकिट ही मुक्त आरोग्यप्रणाली. तीत केनिया-नेपाळमध्ये वस्तीवर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आणि त्यांच्या पर्यवेक्षिका त्याच कुटुंबांच्या नोंदी पाहतात, त्यात भर घालतात. तिनं पाउच-काउचचीच जोडी घेतली आहे.

"म्हणजे माझं काउच चूक नव्हतं," भाची म्हणाली.

"चूक कुठं म्हणालो? आपल्याला मोठं पडतं. आणि अजून एक. काउचमध्ये कोण काय वाचणार हे वहीनिहाय ठरतं, ओळीनिहाय नाही. कुणी किती वर्गणी दिली हे तेराही फोनांत पोचवायचं का? खडकी बाजारात?"

यावर तिनं वाद घातला नाही.

तिसरा रविवार माझ्या झोपेचं खोबरं करून गेला. बोलता बोलता ती म्हणाली की ब्राउझरमधली साठवण ही 'जमेल तशी' तत्त्वावर असते. जागा कमी पडली की ब्राउझर न विचारता झाडून टाकू शकतो. सफारीनं तर मार्च २०२० पासून नियमच केलाय: ब्राउझर वापरात असताना सात दिवस तुमच्या साइटला हात लावला नाही, तर तिनं साठवलेलं सगळं पुसायचं. लोकांचा माग काढणाऱ्यांना चाप लावायला केलेला नियम, सापडतो गरीब पावतीवाला.

"म्हणजे तिजोरी भाड्याची, आणि मालक कधीही कुलूप बदलणार?"

"होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला तो सात दिवसांचा नियम लागत नाही. शिवाय कायम ठेव अशी विनंती करता येते. फायरफॉक्स वापरणाऱ्याला विचारतो, क्रोम स्वतःच ठरवतो. पण खरं उत्तर ते नाही."

"मग?"

"फोनात पावती रात्रभर राहूच द्यायची नाही."

त्यासाठी पडद्यावर वरच्या बाजूला लाल आकडा: न पोचलेल्या पावत्या, ७. शून्य झाल्याशिवाय कार्यकर्त्यानं घरी जायचं नाही. रेंज आल्यावर मागच्या मागं पाठवण्याची सोय क्रोमच्या घराण्यात आहे, सफारी-फायरफॉक्सला नाही, म्हणून ॲप उघडताक्षणी पाठवायला लागायचं. आणि माझा एक हट्ट तिनं ऐकला: पावतीची ओळख फोनातच ठरणार, सर्व्हरवर नाही. पावती पोचली पण पोच परत येताना रेंज गेली, तर फोन ती पुन्हा पाठवणार. सर्व्हरनं तीच ओळख पाहून नुसतं 'मिळाली' म्हणायचं, दुसऱ्यांदा जमा करायची नाही. टपालानं दोनदा आलेल्या सूचनापत्राचा सूड मी असा उगवला.

एसक्यूलाइट आता ब्राउझरमध्ये रीतसर चालतं, २०२२ पासून, खास राखलेल्या खासगी फाइलजागेवर, याचा तिला मोह पडलाच होता. मलाही. पण एकाच ॲपचे दोन टॅब उघडले की ती जागा कुणी धरायची याचा निवाडा आपल्यालाच करावा लागतो, आणि आमच्या कार्यकर्त्यांच्या फोनात कधीही वीस टॅब उघडे असतात. लाखभर नोंदी गाळायच्या-जोडायच्या असत्या तर घेतलं असतं. आम्ही डेक्सीवर थांबलो, सर्व्हरला पोस्टग्रेस. तेरा फोन, प्रत्येकाला शंभराचा गठ्ठा, १ ते १३००.

चाचणी गच्चीवर केली. दोन फोन विमान मोडमध्ये, दोन्हीवर एकाच दुकानाच्या नावे पावती. दोन्ही पोचल्या, दोन्ही टिकल्या. भाची म्हणाली, बघ, दुबार वर्गणी. मी म्हणालो, दोघांनी खरंच घेतली असेल तर दोन्ही खऱ्या. शेठना तोंड द्यायला डेटाबेस जाणार नाही, खजिनदार जाईल.

खाली आल्यावर तिला टेबलावर छापखान्याचं बिल दिसलं. पाच पावती पुस्तकं.

"मामा, हे काय?"

"चार्जिंग संपलं तर."

"क्रमांक कुठून घेतलेत?"

"१३०१ पासून."

तिनं बिल उलटसुलट करून पाहिलं, लॅपटॉप उघडला आणि फोनांच्या यादीत चौदावी ओळ घातली. नावाच्या रकान्यात लिहिलं, 'कागद'. ताळमेळाच्या रकान्यात थोडा विचार करून लिहिलं, 'रोज रात्री, मामा'.